सरळ जायचं तर थोडं वाकडं

गेल्या शनिवारी सकाळी बाबांची गाडी धुताना सहज स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांमागे डोकावलो. बाहेरून टायरची नक्षी शाबूत. आतली कड मात्र दोन्ही टायरची टक्कल पडल्यासारखी, आणि डाव्याच्या तर तारा दिसत होत्या! दुसऱ्या दिवशी आई-बाबा याच गाडीने समृद्धीवरून शिर्डीला निघणार होते. डोकावलो नसतो तर... असो.

राग याचा आला की सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट करून आणली होती. दोन्ही वेळा मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे. मंडळी, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. इकडे सगळ्या टेस्ट पास आणि तिकडे क्लायंटची बोंबाबोंब!

आमच्या नंदनवनात गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी टायरवर आडवा हात फिरवला, एकदा आत, एकदा बाहेर. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत. मग म्हणाले, "आकडे बराबरच असतीन भाऊ. पण मशीनवर गाडी उभी रायते, रोडवर पयते."

हे वाक्य डोक्यातून जाईना. रात्री वाचत बसलो, आणि लक्षात आलं की चाकांच्या अलाइनमेंटचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

बैलगाडीला ही भानगडच नव्हती. दोन चाकं, एक आख, वळवायचं काम बैलांचं. चार चाकांच्या बग्गीत मात्र पुढचा अख्खा आख मध्यावर फिरवावा लागे, आणि जोरात वळलं की बग्गी कलंडायची. १८१७ साली म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने तोडगा काढला: आख जागेवर ठेवायचा, फक्त दोन टोकांची चाकं वळवायची. इंग्लंडमधलं पेटंट १८१८मध्ये त्याचा लंडनमधला एजंट रुडॉल्फ अॅकरमनने घेतलं, म्हणून आजही या रचनेला अॅकरमनचंच नाव आहे. (काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. ओळखीचं वाटतंय?)

यात गंमत अशी की वळताना दोन्ही चाकं समांतर ठेवली तर ती घासतात. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते जास्त वळायला हवं. कार्ल बेंझची १८८६ची पेटंटवाली गाडी तीन चाकांची होती, त्यात हा प्रश्न टळलाच होता. चार चाकांची 'व्हिक्टोरिया' त्याने आणली ती १८९३मध्ये, स्टिअरिंगचं कोडं सोडवल्यावर.

पुढचा वाकडेपणा म्हणजे 'टो'. आपल्या अॅम्बॅसेडर आणि कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असे. पुढची चाकं नुसती ढकलली जात, रस्ता त्यांना मागे ओढे आणि सांध्यांतल्या ढिलाईमुळे ती किंचित बाहेर फाकत. म्हणून उभ्या गाडीत ती मुद्दाम थोडी आत वळवून ठेवायची, म्हणजे पळताना सरळ होतात. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिची पुढची चाकंच गाडी ओढतात, त्यामुळे ती पळताना आत वळू बघतात. म्हणून अशा बहुतेक गाड्यांत टो जवळजवळ शून्य ठेवतात. मिस्त्री सांगत होते की फियाटच्या काळात ते चाकांना सुतळी लावून हे मोजायचे.

म्हणजे उभ्या गाडीचे आकडे हा नुसता अंदाज असतो, पळणाऱ्या गाडीबद्दलचा. आणि खालच्या आर्मचा रबरी बुश फाटला असेल तर तो अंदाजच कोसळतो. आमचं तेच झालं होतं. उभी असताना चाक जागेवर, ब्रेक मारला की डावं चाक बाहेर फाकणार आणि आतली कड घासणार.

मिस्त्रींनी सांगितलेली बाकी लिपीही लिहून ठेवतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली पण खरखर नाही, तर बहुतेक कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल बिघडलेला. खड्डे-खड्डे पडले तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. आणि बुश-जॉइंट बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. कायद्याने (१९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम) कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मोजताना आतली कडही मोजा!

बाबांना विचारलं, "ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे जायची का?" ते शांतपणे म्हणाले, "हो, दिवाळीपासून. मला वाटलं रस्त्याचाच उतार आहे. मी आपलं स्टिअरिंग जरा उजवीकडे धरायचो."

दोन अलाइनमेंट, एक इंजिनिअर, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

शिर्डी आठवडाभर पुढे गेली. बुश, दोन टायर आणि मग अलाइनमेंट, या क्रमाने काम झालं. आज पहाटे ते निघाले. आत्ताच आईचा फोन आला, पोचलो म्हणून. बाबांनी मागून ओरडून सांगितलं, "सरळ थांबते रे आता!"