परसातील तळ्याचे अस्तर : टिकाऊपणाची कसोटी

तळ्याचे अस्तर घेताना पहिला प्रश्न असतो तो जाडीचा : किती मायक्रॉन? जाडीला महत्त्व आहेच. पण अस्तराचे आयुष्य ठरते ते पदार्थ, जमीन आणि ऊन या तिघांच्या मेळावर.

१. पदार्थ. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला मऊपणा येतो तो मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे. हे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि अस्तर आखडून ठिसूळ होते. शेततळ्यात वापरतात तो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा एचडीपीई कागद चिवट, पण ताठ असतो. सरळ उतारावर तो चांगला बसतो. वळणदार काठावर मात्र घड्या पडतात आणि कायम ताण सोसणाऱ्या घडीतच पुढे चीर जाते. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ऊन व ओझोन त्याला सहजी तोडू शकत नाहीत. ते तिपटीहून अधिक ताणले जाते आणि खड्ड्याचा आकार घेते. किंमत मात्र जास्त.

२. जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगेवर अधांतरी राहिलेल्या अस्तरावर पाण्याचा सगळा भार येतो. कोकणात जांभ्याची खडबडीत टोके खालून टोचतात; शिवाय पावसाळ्यात भूजल वर आले की अस्तर फुगून उचलले जाते. तिथे निचऱ्याचा चर आधी हवा. लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब तर प्लॅस्टिक भेदून वर येतो. म्हणून त्याच्या गाठी खणून काढाव्यात. मग चाळलेल्या रेतीचा ५ सेंटिमीटर थर आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे.

३. ऊन. अस्तर आधी निकामी होते ते पाण्याच्या रेषेवर. एप्रिल-मे महिन्यांत पातळी उतरते, वरचा पट्टा उघडा पडतो आणि अतिनील किरण तिथल्या पॉलिमरच्या साखळ्या तोडतात. एचडीपीईत मिसळलेला साधारण २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक हे किरण शोषून घेतो. म्हणून काळाच कागद घ्यावा. काठ सपाट दगडांनी झाकावा आणि पातळी राखावी.

४. माप. लांबीत दुप्पट खोली आणि दोन्ही काठांचे ३०-३० सेंटिमीटर मिळवावेत, रुंदीचेही तसेच. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल तळ्याला ४.८ × ३.८ मीटर, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर अस्तर लागते. ते अखंड घ्यावे. सांधा ही गळतीची हमखास जागा.

निष्कर्ष. वळणदार तळ्याला १ मिलिमीटर ईपीडीएम, आणि मासे सोडायचे असतील तर खास तळ्यासाठी बनवलेलेच. चौकोनी, सरळ उताराच्या तळ्याला काळा एचडीपीई. पैसे कमी पडत असतील तर तळे लहान करावे. रेती आणि कापड मात्र वगळू नये. खालचा थर नीट असेल तर साधे अस्तरही वर्षानुवर्षे साथ देते; तो नसेल तर महागडे रबरही एका अणकुचीदार खड्यापुढे हरते.