भोंग्याची पावती

१९९५ साली, तेविसाव्या वर्षी, भंगाराच्या लिलावात रीतसर बोली लावून मी हाताने फिरवायचा सायरनचा भोंगा घेतला. पावती अजून जपली आहे. असली वस्तू पावतीशिवाय घरात नसलेली बरी! आत पात्यांचे चाक, भोवती झरोक्यांचे कवच. चाक फिरले की हवा तुटक तुटक बाहेर पडते, त्याचाच आवाज होतो. चाक गंजले होते. रॉकेल, वंगण, महिनाभर खटपट.

चढता-उतरता सूर म्हणजे धोका, सलग सूर म्हणजे धोका टळला. शेजाऱ्यांना सांगून मी सलग सूर काढू पाहिला. हात दमला, सूर घसरला, पुन्हा चढला. डिसेंबर १९७१च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआऊट असे, तेव्हा मी अम्मीच्या पोटात होतो. तिलाही आधी सांगितले होते. तरी तिने उठून दिवा मालवला.