परवान्याच्या मागच्या पानावरचा शिक्का

समरी केसेसचं रजिस्टर उचलायला दोन्ही हात लागायचे. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ आणि पानं इतकी लांबरुंद की टेबलावर उघडलं की चहाचा कप ठेवायला जागा उरत नसे. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या कोर्टात मी १९८३ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात हे रजिस्टर माझ्याकडे आलं. मारामारी, चोरी, फसवणूक यांचे आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) खटले जुन्या लिपिकाकडे असत. एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केसेस, नवख्या माणसाकडे द्यायच्या, अशी रीतच होती. सगळे त्यांना ‘किरकोळ’ म्हणत. मला मात्र तो शब्द कधीच पटला नाही. ज्याचं नाव त्या पानावर आहे, त्याच्यासाठी तो आयुष्यातला एकमेव खटला असतो.

आमच्या त्या रजिस्टरात निम्म्याहून जास्त नोंदी रस्त्याच्या. परवाना जवळ नाही, मालट्रकमध्ये माणसं भरली, वेग जास्त, सायकलला दिवा नाही. झटपट चालवायच्या खटल्यात न्यायाधीशांनी काय काय नोंदवायचं ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २६३ कलमात सांगितलेलं होतं: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादी कोण, आरोपीचं नाव, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण, गुन्हा, कबुली-जबाब, निष्कर्ष, शिक्षा आणि काम संपल्याची तारीख. मोजून दहा बाबी. यातलं बापाचं नाव कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. एकाच गावात एकाच नावा-आडनावाचे तिघे ड्रायव्हर निघाले, तेव्हा कळलं.

या नोंदींचा इतिहास आमच्या कोर्टाच्या इमारतीपेक्षा जुना आहे. मोटारींसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४चा. मग १९३९चा मोटार वाहन कायदा आला आणि तो जवळजवळ पन्नास वर्षं चालला. १९८८चा नवा कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला, तेव्हा कलमांचे आकडे नव्यानं पाठ करावे लागले. शंभरच्या पुढची कलमं आता दोनशेच्या घरात गेली. खटला कुणापुढे चालायचा, हेही बदलत आलं. पूर्वी तालुक्यात मामलेदारच दंडाधिकारी. ज्यांच्याकडे सारावसुली, त्यांच्याचपुढे रस्त्याचा खटलाही. मुंबई राज्यानं १९५१ साली न्यायाचं काम कारभारापासून वेगळं करण्याचा कायदा केला, आणि १९७३च्या फौजदारी संहितेनं १ एप्रिल १९७४पासून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आजची रचना पक्की केली. माझ्या दृष्टीनं हा बदल मोठा. पन्नास रुपयांच्या दंडाला का होईना, कारभाराच्या बाहेरचा माणूस समोर बसून ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारू लागला.

हवालदार पावती फाडून परवाना ताब्यात घेई. ती पावती म्हणजे परवाना परत मिळेपर्यंत गाडी चालवण्याची मुभा. ठरलेल्या वारी पोलिसांचा कोर्ट अंमलदार गठ्ठा घेऊन येई. मी नंबर टाकायची, पट्टेवाला पुकारा करायचा. वीसपंचवीस माणसं भिंतीला टेकून उभी. पंजाबचे, राजस्थानचे, हुबळीकडचे ट्रकवाले, त्यांच्या अंगाला डिझेलचा वास. गावचे दूधवाले. बहुतेक जण लगेच ‘कबूल’ म्हणत, कारण नाकबूल म्हटलं की पुढची तारीख, आणि पुढची तारीख म्हणजे भाड्याचा एक दिवस बुडाला. कुणाला दंड, कुणाला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. मग नाझरच्या खिडकीवर पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती दाखवून परवाना सोडवायचा.

लांबच्या माणसाला हेलपाटा पडू नये म्हणून कायद्यानंच एक सोय ठेवली होती, १९३९च्या कायद्यातही आणि १९८८च्या २०८ कलमातही. समन्सवरच लिहिलेलं असे की तुम्ही टपालानं गुन्हा कबूल करा, रक्कम मनिऑर्डरनं पाठवा, येऊ नका. काही गुन्ह्यांत मात्र कबुलीच्या पत्राबरोबर परवानाही पाठवावा लागे, म्हणजे त्यावर शिक्षेची नोंद करता येई. तेव्हाचा परवाना म्हणजे लहानशी पुस्तिका होती. मागची पानं कोऱ्या रकान्यांची, अशा नोंदींसाठीच. एखाद्या ड्रायव्हरच्या पुस्तिकेत चार गावच्या कोर्टांचे शिक्के असायचे.

त्या शिक्क्यामुळेच एक माणूस सुटला, तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. साल २००२. साठीच्या आसपासचा टेम्पो ड्रायव्हर, डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. गावचा हवालदार त्याच्याकडे जामीनपात्र वॉरंट घेऊन गेला होता. “बाईसाहेब, पैसं भरल्यालं हाईत मी. सा वरसं झाली,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खटल्याचा नंबर? माहीत नाही. तारीख? पावसाळ्यात कधीतरी. पावती? घराच्या पत्र्यातून पाणी गळलं, त्यात गेली.

“मामा, लायसन आहे का जवळ?” मी विचारलं.

त्यानं पिशवीतून पुस्तिका काढली. खाकी वेष्टण तेलकट, कोपरे गोल झालेले. शेवटून दुसऱ्या पानावर आमच्याच कोर्टाचा गोल शिक्का होता. आत शाईनं लिहिलेलं: एससीसी नंबर, कलम १८३, दंड २०० रुपये, खाली सही. साल ९६ स्पष्ट होतं. नंबरचा शेवटचा आकडा मात्र ओल लागून पसरलेला. तीन की आठ? मी पुस्तिका खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली, तरी ठरेना. मग अभिलेख कक्षातून ९६चं रजिस्टर आणवलं आणि दोन्ही नंबर काढले. तीनच्या पुढे भलत्याच माणसाचं नाव. आठच्या पुढे हेच मामा, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. आणि शिक्षेचा रकाना कोरा.

घडलं असं होतं. त्यांनी टपालानं कबुली दिली, मनिऑर्डर आली, नाझरच्या वहीत रक्कम जमा झाली, परवान्यावर नोंद होऊन तो रजिस्टर पोस्टानं परतही गेला. पण निकाल आमच्या रजिस्टरात कुणी चढवलाच नाही. वर्षाअखेरीस प्रलंबित खटल्यांची यादी रजिस्टरावरून उतरवली जाते. कोरा रकाना म्हणजे प्रलंबित. यादी वर्षानुवर्षं पुढे उतरत गेली, समन्स निघालं, ते बजावलं गेलं नाही, शेवटी वॉरंट. त्या रकान्याची जबाबदारी माझ्या हुद्द्याची होती, ९६ साली त्या खुर्चीवर कुणी का असेना. मला फार लागलं ते. नाझरकडची पावतीची स्थळप्रत सापडायला दुपार उलटली. साहेबांनी रोजनाम्यावर हुकूम केला, वॉरंट रद्द झालं. मी मामांना नकलेचा अर्ज करायला लावला, कोर्ट फीचं तिकीट लावून. रजिस्टरातल्या एका आडव्या ओळीची प्रमाणित नक्कल. “लग्नाच्या पत्रिकेसारखी जपा,” असं सांगून दिली.

तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले: दंडाच्या पावतीवर खटल्याचा नंबर आहे की नाही ते तिथेच बघा. कोर्टातले कागद कायमचे राहत नाहीत. अभिलेख नष्ट करण्याचा कायदा १९१७चा आहे, आणि वर्गवारी करून मुदत संपलेले गठ्ठे काढून टाकणं हे कोर्टाचं रीतसर काम आहे. किरकोळ खटल्यांचे गठ्ठे लवकर जातात. मग तुमच्या बाजूनं बोलायला उरतो तो तुमच्या घरातला कागद.

मी २०१९ साली निवृत्त झाले. त्याच सुमारास राज्यभर ई-चलान आलं, आणि नोंदीचा उलटा गोंधळ सुरू झाला. आमच्या वेळी माणूस असायचा आणि कागद सापडायचा नाही. आता कागद मोबाईलवर येतो, पण तो कोर्टाचा आहे की पोलिसांचा, हे माणसाला उमगत नाही. चलान म्हणजे पोलिसांचं म्हणणं. ते ऑनलाइन भरलं तर ती कलम २००ची तडजोड झाली, कोर्टाचा त्यात निकाल नसतो. नाही भरलं, तर ते आपोआप खटला होत नाही. कुणाला तरी ते कोर्टात दाखल करावं लागतं. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. लोकअदालतीची नोटीस येते तीही बहुतेकदा दाखलपूर्व प्रकरणाची, म्हणजे खटला व्हायच्या आधी मिटवण्याची. बायाबापड्या ती नोटीस बघून वकील शोधत फिरतात. त्यांना हा फरक कुणीतरी नीट बसवून सांगायला हवा. मी तरी शेजारपाजारी तेवढं काम धरलं आहे.

दाखल झालेलं चलान आता व्हर्च्युअल कोर्टातही जातं. नागपूरला ते ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं. गाडीचा नंबर टाकला की प्रकरण दिसतं. दंड मान्य असेल तर भरायचा, नसेल तर तसं कळवायचं, मग ते नेहमीच्या कोर्टाकडे वर्ग होतं. हुबळीच्या त्या ट्रकवाल्यांचा एक एक दिवस यानं वाचला असता. ही सोय मला मनापासून आवडते.

परवा वाड्यातली एक मुलगी मोबाईल घेऊन आली. तिनं विकलेल्या स्कूटरवर दोन चलानं पडली होती. घेणाऱ्यानं गाडी नावावर करून घेतली नव्हती, म्हणून आरटीओच्या दप्तरी अजून हीच मालक. विक्रीचे कागद जपले होते का, असं विचारलं. होते. मग कोर्टाचा नंबर पडलाय का, ते आम्ही दोघींनी मिळून बघितलं. एकाला नव्हता. दुसऱ्याला होता, हल्लीचा तो सोळा अक्षरांचा सीएनआर. मी वही ओढली आणि तो नंबर तिला उतरवून दिला, एकेक अक्षर सुटं, तीन आणि आठ वेगळे दिसतील असा.