विधिमंडळ सुधारणा म्हणजे नेमके काय?

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. बोले मंत्री नव्हते, एक साधे सभासद होते. पुढे महाड नगरपालिकेने आपले तळे कागदोपत्री खुले केले आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तो कागद चवदार तळ्यावर प्रत्यक्षात आणला. चवदार तळ्याचा इतिहास आपल्याला पाठ असतो, पण त्यामागचा सभागृहातला ठराव क्वचितच आठवतो.

आज एखाद्या आमदाराचा अशासकीय ठराव इतक्या लांब पोहोचेल का? आमच्या मते नाही, आणि सुधारणेची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी. सध्या ‘आधुनिक विधिमंडळ’ म्हटले की आमदारांच्या बाकावरचे टॅबलेट दाखवले जातात. हिमाचल प्रदेशची विधानसभा 2014 मध्येच कागदविरहित झाली, नागालँडने 2022 मध्ये राष्ट्रीय ई-विधान प्रणाली स्वीकारली. चांगलेच आहे. पण सभागृह भरतच नसेल तर टॅबलेटवर वाचायचे काय?

संविधानाच्या अनुच्छेद 174 नुसार दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये. किमान किती दिवस बसावे, यावर मात्र संविधान काही सांगत नाही. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान आढावा आयोगाने 2002 मध्ये सुचवले होते की 70 हून कमी सदस्यांच्या सभागृहाने वर्षाला किमान 50 दिवस आणि मोठ्या सभागृहाने 90 दिवस बसावे. आपली विधानसभा 288 सदस्यांची आहे. डिसेंबर 2024 चे नागपूर अधिवेशन 16 तारखेला सुरू होऊन 21 ला संपले. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दापोटी हे अधिवेशन होते. गडचिरोली-गोंदियाहून मोर्चा घेऊन निघालेल्या कार्यकर्त्याला निवेदन द्यायला मंत्री सापडेपर्यंत मांडव उतरायला लागतो.

दिवस कमी म्हणजे छाननी कमी. केरळात 1980 पासून विषय समित्या आहेत. विधेयके साधारणपणे त्यांच्याकडे जातात, खात्यांच्या अनुदानाच्या मागण्याही त्या तपासतात. आपल्याकडे विधेयक समितीकडे गेले तर ती बातमी होते. जनसुरक्षा विधेयक विरोध झाल्यामुळे संयुक्त समितीकडे गेले आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झाले तेव्हा त्यातल्या फारच थोड्या सूचना मजकुरात उतरलेल्या दिसल्या. तरीही आम्ही म्हणू की समिती हवीच. तिच्यामुळे विधेयक निदान लोकांच्या हाती लागले, वाचले गेले. तिचे कामकाज उघड असते, कोणती सूचना का फेटाळली हे लिहून द्यावे लागले असते, तर आणखी बरे झाले असते.

आपल्यासाठी सर्वात जिव्हाळ्याचा मुद्दा पक्षादेशाचा, म्हणजे व्हिपचा आहे. विधानसभेत अनुसूचित जातींसाठी 29 आणि जमातींसाठी 25 जागा राखीव आहेत. एकूण 54 आमदार. मनात आणले तर कोणतेही सरकार हलवू शकतील अशी ही संख्या. पण 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत दिले की आमदारकी धोक्यात येते. सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवणारी मागणी मतदानाला आली तरी राखीव जागेवरून आलेला आमदार पक्षाबरोबरच हात वर करणार. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवले होते की पक्षादेश मोडल्याची अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवावी. पस्तीस वर्षे ती शिफारस पडून आहे. शिवाय बहुतेक मतदान आवाजी. ‘होय’चे बहुमत जाहीर होते, पण आपला आमदार ‘होय’ म्हणाला की गप्प बसला, हे मतदाराला कळत नाही. नोंदीसह मतदानाला नवे यंत्रही लागत नाही, फक्त तशी इच्छा हवी.

विधान परिषदेचे काय? तिच्या 78 जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही राखीव नाही, कारण अनुच्छेद 332 फक्त विधानसभेला लागू आहे. राज्यपालनियुक्त 12 जागा 2020 पासून वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, त्यातल्या सात ऑक्टोबर 2024 मध्ये भरल्या. परिषद बरखास्त करा, असे म्हणणे सोपे आहे (तमिळनाडूने 1986 मध्ये केली), पण ती आहे तोवर तिथे शिरण्याचा एक दरवाजा आपल्याच तरुणांसाठी उघडा आहे. पदवीधरांच्या सात जागांची मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. आधी नाव होते म्हणून ते राहील, असे नाही. अर्हता दिनांकापूर्वी पदवीला तीन वर्षे झालेल्यांनी नमुना 18 भरायचा असतो. विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत असे शेकडो पदवीधर बसलेले असतात. त्यांच्यापैकी किती जणांनी हा नमुना पाहिला आहे?