रॉचडेलची धूळ

अ‍ॅस्बेस्टॉस हे दगडातून निघणारे, पण लोकरीसारखे पिंजता आणि कातता येणारे खनिज आहे. ते जळत नाही, म्हणून वाफेच्या युगात बॉयलर, जहाजे आणि इंजिने यांच्यासाठी त्याला मोठी मागणी आली. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या सुती गिरण्यांच्या गावात टर्नर बंधूंच्या कारखान्यात १८७९ पासून ते यंत्रमागावर विणले जाऊ लागले. कामाची पद्धत कापसाचीच होती. फरक एवढाच, की पिंजणखात्यात उडणारा कण आता दगडाचा होता.

या धुळीबद्दल पहिली लेखी तक्रार एका स्त्री कारखाना-निरीक्षकाची. ल्यूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात, सूक्ष्मदर्शकाखाली हे कण काचेसारखे धारदार दिसतात, असे नोंदवले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे पिंजणखात्यातला एक कामगार आला. आपल्याबरोबरचे बाकी सगळे वारले, असे तो सांगत होता. मरे यांनी १९०६ मध्ये ही हकिगत सरकारी समितीपुढे मांडली. तरीही भरपाईयोग्य रोगांच्या यादीत हा रोग आला नाही.

१९२४ मध्ये रॉचडेलची एक कताई कामगार ३३ व्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसातले तंतू तपासून प्रकरण प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे सरकारी चक्रे हलली. सरकारच्या वतीने मेरेवेदर आणि प्राइस यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुप्फुसे घट्ट, तंतुमय झालेली (म्हणजेच अ‍ॅस्बेस्टोसिस) आढळली. त्यांच्या १९३० च्या अहवालावरून १९३१ चे नियम झाले. धूळ खेचून घेणारे पंखे आले, पण ते ठरावीक प्रक्रियांपुरतेच. जहाजांवर आणि बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण चढवणारे कामगार जवळजवळ वाऱ्यावरच राहिले.

तोवर कर्करोगाचे नाव फारसे कुणी घेत नव्हते, आणि त्याला कारण होते. फुप्फुसातल्या भक्षक पेशींना लांब तंतू गिळता येत नाही. तो वर्षानुवर्षे तिथेच रुतून राहतो, आणि कर्करोग उगवायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. जुने कामगार त्याआधीच धाप लागून किंवा क्षयाने जात. नियमांनी धूळ कमी केली आणि माणसे कर्करोग होण्याइतकी जगू लागली. १९३५ पासून शवविच्छेदनांत एकेक प्रकरण सापडू लागले. १९४७ च्या अहवालात मेरेवेदर यांनी आकडे दिले : अ‍ॅस्बेस्टोसिसने मेलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग १३.२ टक्के, वाळूच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसने मेलेल्यांत १.३ टक्के. (यावरून वाळूची धूळ निर्दोष ठरत नाही. स्फटिकी सिलिका कर्करोगकारक असल्याचा निवाडा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला.)

निर्णायक अभ्यास पुन्हा रॉचडेलचाच. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल यांनी धुळीच्या खात्यांत वीस वर्षे वा अधिक काढलेल्या ११३ पुरुषांचा मागोवा घेतला. फुप्फुसाच्या कर्करोगाने एखादा मृत्यू अपेक्षित होता. झाले ११. हे प्रसिद्ध होऊ नये म्हणून कंपनीने प्रयत्न केले, पण १९५५ मध्ये निबंध छापला गेलाच. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सिगारेट ओढणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या बाबतीत दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना कित्येक पटींनी वाढवतात. कंपन्यांनी यातून सोयीचा अर्थ काढला आणि दोष सिगारेटवर ढकलला. पण १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या मेसोथेलिओमाच्या ३३ प्रकरणांना ही सबब लागू पडत नव्हती. हा फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग, आणि धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही. त्या रोग्यांत खाणीत कधीच न उतरलेली, नुसती खाणीजवळ राहणारी माणसेही होती.

ब्रिटनने १९९९ मध्ये उरलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली. तोवर हा धंदा भारतातही रुजला होता. रॉचडेलच्या टर्नर समूहातील हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना मुंबईत घाटकोपरला होता, सिमेंटचे पत्रे तर गावोगावी चढले. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश दिला.