दारूबंदीच्या जिल्ह्यातली मोजणी

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्या वारशाला दिलेला हा मान. त्याच सेवाग्रामात 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तरीही बंदीचा हिशेब दवाखान्यापेक्षा पोलीस ठाण्यातच अधिक ठेवला गेला: किती गुन्हे, किती आरोपी, किती मुद्देमाल जप्त. पिणाऱ्याचे काय झाले, हे या आकड्यांतून कळत नाही. छापे वाढले की गुन्हे वाढतात. मग व्यसन वाढले की कारवाई, हे कसे ओळखायचे? मृत्यूचे कारण नोंदवायची तरतूद 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातच आहे, पण ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले तर दारू कागदावरून पुसली जाते.

म्हणून मोजणी दवाखान्यात, पिणाऱ्यांची व्हायला हवी. बंदी असलेल्या ठिकाणी रुग्ण खरे सांगणार नाही, म्हणून ही मोजणी फसेल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि म्हणूनच उपचाराची नोंद खटल्यापासून वेगळी हवी. खटल्याची भीती विषारी दारूत जीवावर बेतते. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टी जाते. उतारा व डायलिसिस वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो. पोलिसांच्या धाकाने घरीच थांबलेल्याचे हेच तास वाया जातात. मोजणी मागणे म्हणजे बंदीला विरोध, असेही काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. गावोगावच्या बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले ते घरातली माणसे वाचावीत म्हणून. त्यांना जप्त लिटरांचा नव्हे, वाचलेल्या माणसांचा आकडा द्यायला हवा.