माँटगोमेरी शाखा, एनएएसीपी

कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ (एनएएसीपी) या अमेरिकी संस्थेची अलाबामा राज्याच्या राजधानीतील शाखा. पदाधिकारी सभासदांतून निवडले जात; पदाला पगार नसे. १९४०च्या दशकात अध्यक्षपद भूषवलेले ई. डी. निक्सन (१८९९–१९८७) रेल्वेच्या शयनयानात पोर्टर होते. शालेय शिक्षण जेमतेम, पण पोर्टरांच्या कामगार संघटनेने त्यांना चळवळीचे शिक्षण दिले.

रोझा पार्क्स (१९१३–२००५) डिसेंबर १९४३ मध्ये सभेला गेल्या आणि त्याच दिवशीच्या निवडणुकीत चिटणीस झाल्या. पोटासाठी त्या शिवणकाम करीत. मधला काही काळ वगळता पुढील बारा-तेरा वर्षे इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि मुख्यतः अत्याचारांच्या तक्रारी नोंदवण्याचे काम त्यांनी सांभाळले. साक्ष दिली तर नोकरी, प्रसंगी जीवही जाण्याची भीती असे. म्हणून माणसांना बोलते करणे हेच या कामातले अवघड कौशल्य होते. १९४४ मध्ये ॲबेव्हिल येथे रेसी टेलर यांच्यावर गोऱ्या तरुणांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा पार्क्स तेथे जाऊन माहिती घेऊन आल्या व प्रकरण देशभर गाजले. तरीही दोन ग्रँड ज्युरींनी आरोप ठेवण्यास नकार दिला. राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ मध्ये. स्वतः पार्क्स यांना मतदार म्हणून नाव नोंदवायला तीन वेळा खेटे घालावे लागले आणि साचलेला मतदान-कर भरावा लागला.

१ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा न सोडल्याबद्दल पार्क्स यांना अटक झाली. दमलेल्या शिंपिणीने अचानक केलेले धाडस म्हणून ही घटना सांगितली जाते. हा या संघटित कामावर अन्याय आहे. त्याआधी मार्चमध्ये अशाच कारणावरून अटक झालेली पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन शाखेच्या युवक मंडळात येत असे आणि मंडळाच्या मार्गदर्शक पार्क्सच होत्या. पार्क्स यांच्या जामिनासाठी निक्सन धावले. जो ॲन रॉबिन्सन यांच्या महिला मंडळाने रातोरात बसवरील बहिष्काराची पत्रके छापली. ३८१ दिवसांचा बहिष्कार मात्र माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन या नव्या संघटनेने चालवला.

१९५६ मध्ये राज्याने न्यायालयाकरवी एनएएसीपीच्या कामावर बंदी आणली आणि सभासदांची यादी मागितली. नावे कळली तर मालक कामावरून काढतील, हल्ले होतील, हे उघड होते. दंड होऊनही संस्थेने यादी दिली नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार वैध ठरवला, तरी संस्थेला अलाबामात पुन्हा काम करता येण्यास १९६४ साल उजाडले.